संगणकशास्त्राला विद्यापीठाचे दार उघडून देणारा गणिती

विद्यापीठांच्या माहितीपुस्तिकेत संगणकशास्त्र हा विषय आज गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांच्या पंगतीत निर्धास्तपणे बसलेला दिसतो. ही जागा त्याला सहजासहजी मिळालेली नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांच्या दृष्टीने संगणक म्हणजे एक खोली होती. त्या खोलीचा ताबा कुठे गणित विभागाकडे, कुठे विद्युत अभियांत्रिकीकडे, तर कुठे थेट प्रशासनाकडे असे. यंत्र कसे चालवावे हे शिकवणारे वर्ग भरत. केंब्रिज विद्यापीठाने १९५३ मध्ये या विषयाची वर्षभराची पदविकाही सुरू केली होती. परंतु या यंत्राभोवती एक स्वतंत्र शास्त्र उभे राहू शकते, त्याला स्वतःचा विभाग, स्वतःचे प्राध्यापक आणि स्वतःची पीएच.डी. असू शकते, हे म्हणणे पुष्कळ विद्वानांना अतिशयोक्त वाटे. यंत्र हे साधन आहे आणि साधनाचे शास्त्र होत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद मोडून काढणाऱ्यांत जॉर्ज एल्मर फोर्साइथ यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ते यंत्रे बांधणारे अभियंते नव्हते, की एखाद्या गाजलेल्या संगणकभाषेचे जनकही नव्हते. ते गणिती होते आणि गणितातील त्यांचे स्थान पक्के होते. तरीही वयाच्या चाळिशीनंतरची सारी उमेद त्यांनी आपल्याच मूळ विषयाच्या छत्राखालून एक नवा विषय बाहेर काढण्यात खर्च केली.

फोर्साइथ यांचा जन्म ८ जानेवारी १९१७ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्टेट कॉलेज या गावी झाला. ते लहान असतानाच कुटुंब मिशिगनमधील अ‍ॅन आर्बर येथे स्थायिक झाले. वडील डॉक्टर होते. मुलाला आकड्यांचा नाद फार लवकर लागला. सातवीत असताना हाताने दांडा फिरवून चालवायचे आकडेमोड यंत्र त्याच्या हाती आले, तेव्हा त्याने १०००० भागिले ७६९९ हा भागाकार करायला घेतला. उत्तराशी त्याला कर्तव्य नव्हते. दशांशचिन्हापुढचे अंक केव्हा आणि कसे पुन्हा येऊ लागतात, एवढेच त्याला पाहायचे होते. यंत्राकडून आकडे काढून घेण्यापेक्षा यंत्र आकड्यांचे काय करते हे पाहण्याची ही वृत्ती पुढेही सुटली नाही.

स्वार्थमोर कॉलेजातून १९३७ मध्ये पदवी घेतल्यावर ते ब्राऊन विद्यापीठात गेले आणि १९४१ मध्ये तेथे त्यांना पीएच.डी. मिळाली. त्याच वर्षी स्वार्थमोरमधील सहाध्यायिनी अलेक्झांड्रा इल्मर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अलेक्झांड्राही गणिताच्याच. संशोधनासाठी त्याही ब्राऊनमध्ये आल्या होत्या. पण स्त्रीने गणितात पुढे जावे, ही गोष्ट त्या वेळी तेथे सहज मानली जात नव्हती. त्यांनी ब्राऊन सोडले आणि वासर कॉलेजातून एम.ए. केले. फोर्साइथ यांच्या चरित्रात हा प्रसंग एका वाक्यात उरकला जातो, पण तो त्याहून मोठा आहे. अलेक्झांड्रांकडे पुन्हा यावे लागेल.

स्टॅनफर्ड विद्यापीठात जेमतेम वर्षभर अध्यापन होते न होते तोच युद्धाने त्यांना हवाई दलाच्या हवामान विभागात नेले. वाऱ्याचा वेग, दाब, तापमान यांची समीकरणे कागदावर सुबक दिसतात, परंतु उद्या सकाळी विमान उडवायचे की नाही हे सांगायचे तर त्यांचे आकड्यांत उत्तर काढावे लागते, आणि तेही वेळेत. हा धडा त्यांना तेथे मिळाला. गतिकीय हवामानशास्त्रावर १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मान्यवर पाठ्यपुस्तकाच्या तीन लेखकांत त्यांचे नाव आहे. युद्धानंतर वर्षभर त्यांनी बोइंग विमान कंपनीत काम केले.

त्यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते १९४८ मध्ये. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने लॉस एंजेलिस येथील विद्यापीठाच्या आवारात संख्यात्मक विश्लेषणासाठी एक संशोधन केंद्र काढले होते. तेथे ते दाखल झाले. संख्यात्मक विश्लेषण म्हणजे आपल्याकडील अभियांत्रिकीचे विद्यार्थी न्यूमरिकल मेथड्स या नावाने ज्याला ओळखतात आणि बहुधा परीक्षेपुरते आठवणीत ठेवतात तो विषय. या केंद्रात कॉर्नेलियस लँचोश आणि मॅग्नस हेस्टेनेस यांच्यासारखे गणिती होते, आणि गर्ट्रूड ब्लांच यांच्या देखरेखीखाली हाताने आकडेमोड करणारा एक गटही होता. इंग्रजीत कॉम्प्युटर हा शब्द तोवर माणसांना लावला जात असे, हे येथे लक्षात ठेवलेले बरे. याच केंद्रात हॅरी हस्की यांनी स्वॅक नावाचा संगणक बांधला. तो १९५० मध्ये सुरू झाला तेव्हा जगातील सर्वांत वेगवान यंत्रांत त्याची गणना होत होती. दोन संख्यांची बेरीज तो एका सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकी ६४ भागांत करी. त्याची जलद स्मृती मात्र अवघ्या २५६ शब्दांची होती. हेच हस्की पुढे १९६३ मध्ये कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० हा संगणक आला, तेव्हा तेथील संगणक केंद्र उभारण्यासाठी आलेल्या अमेरिकी तज्ज्ञांत होते.

या वर्षांत फोर्साइथ यांनी जे लिहिले त्यावरून त्यांच्या स्वभावाची कल्पना येते. अनेक अज्ञात संख्यांची एकघाती समीकरणे सोडवणे हे गणितज्ञांच्या लेखी शिळे काम होते. ते रंजकही असू शकते, असे शीर्षकातच बजावणारा लेख त्यांनी १९५३ मध्ये लिहिला. गाउस या महान जर्मन गणितीने १८२३ मध्ये आपल्या विद्यार्थ्याला लिहिलेले, हाताने करायच्या आकडेमोडीच्या युक्तीविषयीचे पत्र शोधून त्यांनी ते इंग्रजीत आणले. यंत्राकडून यादृच्छिक संख्या मिळवण्यावर जॉन फॉन नॉयमन यांनी दिलेले व्याख्यान आज सर्वत्र उद्धृत केले जाते. त्याचा छापील सारांश फोर्साइथ यांच्याच हातचा आहे. दुसऱ्याचे काम नीट मांडून ठेवण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. संस्था उभारणाऱ्या माणसात हा गुण असावा लागतो आणि तो विद्वानांत दुर्मीळ असतो.

सरकारी पाठबळ संपल्याने १९५४ मध्ये हे केंद्र बंद पडले. फोर्साइथ तीन वर्षे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातच शिकवत राहिले आणि १९५७ मध्ये गणिताचे प्राध्यापक म्हणून स्टॅनफर्डला परतले.

स्टॅनफर्डमध्ये तेव्हा एक छोटे संगणक केंद्र होते. जॉन हेरिओट हे गणिताचे प्राध्यापक ते सांभाळत. संगणकाबाबत विद्यापीठांनी काय करावे, याचा अभ्यास लुई फाइन या सल्लागाराने त्याच सुमारास केला होता. संगणकशास्त्राची स्वतंत्र पदव्युत्तर शाखाच काढावी, अशी त्यांची मागणी १९५९ मध्ये छापून आली. कल्पना हवेत होती, असे म्हणता येईल. परंतु हवेतील कल्पनेला विद्यापीठात खुर्ची, खोली आणि अंदाजपत्रकात रकाना मिळवून देणे हे काम निराळ्या जातीचे असते. पदव्युत्तर विभागाचे अधिष्ठाते अल्बर्ट बाउकर यांच्या पाठिंब्याने फोर्साइथ त्या कामाला लागले.

अडचण उघड होती. शुद्ध गणिताच्या कसोटीवर बसणाऱ्या माणसालाच गणित विभाग जागा देणार. संगणकभाषांवर किंवा यंत्राच्या बुद्धिमत्तेवर काम करणारा माणूस त्या कसोटीला कसा उतरावा? तेव्हा त्यांनी पायरीपायरीने जाण्याचे ठरवले. १९६१ मध्ये गणित विभागाच्या पोटातच संगणकशास्त्राचा एक उपविभाग निघाला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी संगणन आणि गणित दोन्ही शिकलेच पाहिजे, असे सांगणारा त्यांचा लेखही त्याच वर्षीचा. या नव्या ज्ञानशाखेचा उल्लेख संगणकशास्त्र या नावाने त्यात आहे. नाव त्यांनीच प्रथम वापरले असे नव्हे. फाइन यांच्या लेखात ते दोन वर्षे आधी आले होते. मात्र एका प्रतिष्ठित गणितज्ञाने ते वापरू लागल्यावर त्याला वजन आले.

जानेवारी १९६५ मध्ये स्टॅनफर्डचा संगणकशास्त्र विभाग स्वतंत्र झाला आणि फोर्साइथ त्याचे पहिले प्रमुख झाले. अमेरिकेतील हा पहिला विभाग नव्हे. तो मान १९६२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाने मिळवला होता. पण स्टॅनफर्डचा विभाग कुठे बसवला गेला हे पाहण्याजोगे आहे. तो अभियांत्रिकीत नव्हता. मानव्यविद्या आणि विज्ञान यांच्या शाखेत, म्हणजे तत्त्वज्ञान, इतिहास, गणित यांच्या शेजारी त्याचे घर होते.

फोर्साइथ यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाची गोष्ट कोणती, असे विचारले तर त्यांनी निवडलेल्या माणसांकडे बोट दाखवावे लागेल. आपल्याच विषयाची माणसे भरून विभाग वाढवणे त्यांना सोपे होते. जीन गोलुब यांच्या रूपाने संख्यात्मक विश्लेषणातला एक मोठा माणूस त्यांनी आणलाही. परंतु त्याच सुमारास, १९६२ मध्ये, कृत्रिम बुद्धिमत्ता हे नाव रूढ करणारे जॉन मॅकार्थी एमआयटी सोडून स्टॅनफर्डला आले. १९६३ मध्ये तरुण निकलाउस विर्थ आले, ज्यांनी पुढे मायदेशी, स्वित्झर्लंडमध्ये, पास्कल ही भाषा रचली. भारतातल्या एका पिढीने प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे त्याच भाषेत गिरवले. १९६५ मध्ये एडवर्ड फायगेनबॉम आले, दशकाच्या अखेरीस डोनाल्ड कनूथ आले. यांपैकी मॅकार्थी, विर्थ, फायगेनबॉम आणि कनूथ या चौघांनाही पुढे ट्युरिंग पुरस्कार मिळाला. यातला बहुतेक जण फोर्साइथ यांच्या विषयापासून दूरचे काम करणारे होते. आपण उभारलेल्या घरात आपला विषय एका खोलीपुरता उरणार, याची कल्पना असूनही त्यांनी दारे उघडी ठेवली. झालेही तसेच. संख्यात्मक विश्लेषण हा संगणकशास्त्राचा कणा आहे असे जे १९५०च्या दशकात वाटत होते, ते १९७०च्या दशकात तितकेसे उरले नाही.

या विभागाच्या अगदी सुरुवातीच्या पीएच.डी.धारकांत एक भारतीय नाव आहे. आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यातल्या कातूर गावचे राज रेड्डी मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून ऑस्ट्रेलियामार्गे स्टॅनफर्डला पोहोचले. मॅकार्थींच्या मार्गदर्शनाखाली १९६६ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली आणि यंत्राला माणसाचे बोलणे ओळखायला लावण्याच्या संशोधनात नाव कमावले. १९९४चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना फायगेनबॉम यांच्यासमवेत मिळाला. संगणकशास्त्र ही स्वतंत्र पदवी झाली नसती, तर बोलण्याच्या ध्वनिलहरींवर काम करणाऱ्या या विद्यार्थ्याचा प्रबंध कोणत्या विभागाने स्वीकारला असता, हा प्रश्न विचारून पाहावा.

विभाग उभा राहिला, पण त्यात शिकवायचे काय, हा वाद संपला नव्हता. उद्योगांना प्रोग्रॅमर हवे होते आणि ते ताबडतोब हवे होते. विशिष्ट यंत्रावर हात बसलेली मुले विद्यापीठांनी पुरवावीत, ही अपेक्षा तेव्हाही होती. फोर्साइथ यांची भूमिका वेगळी होती आणि १९६८ मध्ये अमेरिकी गणितज्ञांच्या मासिकातील लेखात त्यांनी ती मांडली. माणसाला आयुष्यभर पुरतील अशी सर्वसाधारण बौद्धिक अवजारे देणे, हे ते तांत्रिक शिक्षणाचे मोल मानत. अशा अवजारांत त्यांनी पहिली जागा भाषेला आणि गणिताला दिली, तिसरी संगणकशास्त्राला. संगणकशास्त्राचा विभाग येईपर्यंत गणित विभागांनी काय करावे, असा त्या लेखाचा विषय होता. डॉक्टर येईपर्यंत घरच्यांनी करायच्या प्रथमोपचाराची आठवण व्हावी असे मिस्किल शीर्षक त्यांनी त्याला दिले होते. गणितज्ञांनाही ते रुचले असावे, कारण त्यांच्या संघटनेने या लेखाला पुरस्कार दिला.

याच भूमिकेमुळे की काय, त्यांच्या काळात स्टॅनफर्डचा विभाग एम.एस. आणि पीएच.डी. देत असे, परंतु बारावीनंतर येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी संगणकशास्त्राची पहिली पदवी तेथे नव्हती. त्याने संगणकाचे अभ्यासक्रम घ्यावेत, पदवी मात्र दुसऱ्या कशात तरी घ्यावी, अशी रचना होती. ही रचना सर्वांना मान्य होण्यासारखी नव्हती. जो विषय स्वतंत्र शास्त्र म्हणून मिरवायचा, त्याची पहिली पदवीच द्यायची नाही, यात विसंगती आहेच.

इतरत्र चित्र झपाट्याने बदलत होते. फोर्साइथ १९६४ ते १९६६ या काळात संगणकतज्ज्ञांच्या एसीएम या अमेरिकी संघटनेचे अध्यक्ष होते. याच काळात, १९६५ मध्ये, तिच्या समितीने पदवी अभ्यासक्रमाचा कच्चा आराखडा प्रसिद्ध केला. विल्यम अ‍ॅचिसन यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अंतिम अहवाल १९६८ मध्ये आला. त्यातील २२ विषयांची यादी आज पाहिली, तर पुण्या-मुंबईतल्या कोणत्याही संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ती परकी वाटणार नाही. डिस्क्रीट स्ट्रक्चर्स, डेटा स्ट्रक्चर्स, प्रोग्रॅमिंग लँग्वेजेस, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन, कम्पायलर, अशी नावे त्यात आहेत. संख्यात्मक विश्लेषणाच्या दोन पेपरांचाही त्यात समावेश होता.

शिक्षक म्हणून फोर्साइथ यांचा पिंड कसा होता, हे १९७० मध्ये त्यांनी लिहिलेल्या आणखी एका लेखावरून कळते. गणिताच्या पुस्तकात सूत्र आहे म्हणजे संगणकाचे काम झाले, या समजुतीला त्यांनी त्यात सुरुंग लावला. आपल्याकडे दहावीच्या बीजगणितात येते ते वर्गसमीकरण घ्यावे. क्ष वर्ग वजा एक लाख क्ष अधिक एक बरोबर शून्य. सूत्राने याची दोन मुळे निघतात. एक जवळजवळ एक लाख आणि दुसरे जवळजवळ ०.००००१. आता हेच सूत्र आठ अंकांपर्यंतच संख्या ठेवू शकणाऱ्या यंत्राला दिले, तर वर्गमुळाची किंमतही बरोबर एक लाख येते, वजाबाकीत सर्व काही नाहीसे होते आणि दुसरे मूळ शून्य मिळते. शून्य समीकरणात घालून पाहावे, तर एक बरोबर शून्य असे निघते. सूत्र चूक नाही, यंत्र बिघडलेले नाही, तरीही उत्तर निरुपयोगी. तसेच आणखी एक उदाहरण. e या संख्येचा उणे साडेपाचवा घात पुस्तकातील अनंत श्रेणीने पाच अंकी आकडेमोडीत काढला, तर ०.००४०८६८ ऐवजी ०.००२६३६३ येते, पहिला सार्थ अंकसुद्धा बरोबर नाही. कारण मधली पदे चाळीसच्या वर जातात आणि त्यांतील बारीकशी चूकच उत्तराएवढी मोठी असते. अधिक साडेपाचवा घात काढून त्याने एकाला भागले की अडचण मिटते. संगणकशास्त्र हे गणिताहून वेगळे का, याचे याहून सोपे उत्तर त्या पिढीत क्वचितच कोणी दिले असेल.

विद्यार्थ्यांची संख्या वाढू लागली तेव्हा त्यांचे प्रोग्रॅम तपासणारा प्रोग्रॅम त्यांनी वापरात आणला. विद्यार्थ्याने लिहिलेला भाग परीक्षक प्रोग्रॅम स्वतःच चालवून पाही, निरनिराळे आकडे देऊन उत्तरे पडताळी. विर्थ यांच्यासमवेत त्यांनी यावर १९६५ मध्ये निबंध लिहिला. ऑनलाइन परीक्षांच्या आजच्या धबडग्यात ही जुनी गोष्ट नवी वाटावी.

त्यांच्या हाताखाली १७ जणांनी पीएच.डी. मिळवली. त्यांपैकी क्लीव्ह मोलर यांनी पुढे मॅटलॅब लिहिले, जे आज जगभरच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळांत वापरले जाते. गुरु-शिष्यांनी मिळून १९६७ मध्ये एकघाती समीकरणांवर लिहिलेले छोटेखानी पुस्तक या विषयातील मानदंड ठरले.

अलेक्झांड्रा फोर्साइथ यांनी शालेय विद्यार्थ्यांना गणित शिकवले आणि तेथूनच त्या संगणकाकडे वळल्या. त्यांचे व तीन सहलेखकांचे संगणकशास्त्राचे पहिले पाठ्यपुस्तक १९६९ मध्ये निघाले आणि त्यापुढे एक मालिकाच तयार झाली. पती विद्यापीठाच्या सर्वोच्च पदवीची चौकट आखत होते, तेव्हा पत्नी त्याच विषयाचा पहिला वर्ग कसा घ्यावा हे लिहीत होत्या. इतिहासाने पतीची नोंद ठळकपणे घेतली आहे, पत्नीची तळटीपेत.

विभाग भरभराटीला येत असतानाच त्वचेच्या कर्करोगाने फोर्साइथ यांना गाठले आणि ९ एप्रिल १९७२ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. प्रमुखपद अखेरपर्यंत त्यांच्याकडेच होते. त्याच वर्षी कनूथ यांनी एसीएमच्या मुखपत्रात लेख लिहून, संगणकशास्त्र विद्यापीठांत रुजवण्यातील त्यांचा वाटा सविस्तर मांडला. मायकेल माल्कम आणि मोलर यांच्यासह त्यांनी हाती घेतलेले पाठ्यपुस्तक १९७७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, बाजारात आले. अलेक्झांड्रा १९८० मध्ये गेल्या.

त्यांची कन्या डायना मानववंशशास्त्रज्ञ झाली. एखाद्या जमातीचा अभ्यास करावा तसा तिने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळांतील शास्त्रज्ञांचा अभ्यास केला. ज्ञान म्हणजे काय याविषयी ही मंडळी कोणत्या समजुती गृहीत धरतात, हा तिचा प्रश्न होता. १९९७ मध्ये तिचे अपघाती निधन झाले आणि २००१ मध्ये तिचे निबंध पुस्तकरूपाने आले. आपल्या आईवडिलांच्याच क्षेत्रात जाऊन संशोधन करण्याच्या अनुभवावर त्यात एक स्वतंत्र प्रकरण आहे.

स्टॅनफर्डचा संगणकशास्त्र विभाग १९८५ मध्ये मानव्यविद्या व विज्ञान शाखेतून अभियांत्रिकी शाखेत हलवण्यात आला. पदवी स्तरावर संगणकशास्त्र हा मुख्य विषय घेण्याची मुभा तेथील विद्यार्थ्यांना त्यानंतरच्या वर्षी, १९८६ मध्ये मिळाली.